बांधावरचा फळा

सोमवार, ४ नोव्हेंबर १९५७, भोसरी

ही डायरी कंपनीने ह्यांना जानेवारीत दिली होती. ह्यांनी तिच्यात एक ओळ लिहिली नाही. पंपांच्या कारखान्यातल्या फिटरने काय लिहायचं, म्हणतात. मी कऱ्हाडची सातवी पास आहे. माझे वडील दुकानांच्या पाट्या रंगवतात, त्यांच्या हाताखाली मी अक्षर गिरवलं. तेव्हा आजपासून डायरी माझी. इंदू ज्योतीराम, एवढं नाव पहिल्या पानावर घातलं आहे.

लिहायला कारण काल घडलं. आमच्या कामगार संघाचा दिघीच्या पलटणीतल्या पोरांशी क्रिकेटचा सामना होता. शेवटी आमचे म्हणाले आम्ही जिंकलो, ते म्हणाले अजून सहा धावा कमी आहेत. जितकी तोंडं तितके आकडे. मग जे व्हायचं तेच झालं, आणि हे फाटकी कॉलर घेऊन घरी आले. आमचं माणूस एरवी मुंगीला वाट देणारं, पण बोलिंगला उतरलं की अंगात येतं.

कॉलर शिवता शिवता मी म्हटलं, "पुण्याच्या मोठ्या मैदानावर आकड्यांचा फळा असतो ना? सगळ्यांना दिसेल असा आकडा वर असला, तर भांडायचं कशाला?"

"आपल्याला कुठलं मैदान?" हे म्हणाले. "आज इथं, उद्या मोशी, परवा आळंदी."

"मग फळाही फिरता करा. सायकलला बांधून न्यायचा."

आत्याबाई भाकरी थापत होत्या. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, मंजुळाबाई. माहेर भोसरी, सासर मोशी, आणि जीभ दोन्ही गावांना पुरून उरेल अशी. त्या म्हणाल्या, "बाप्यांच्या खेळात बायकांनी नाक खुपसू न्हाई. चूल बघ."

चूल मी बघतेच. डोळे दोन आहेत, दुसऱ्याने फळा बघीन.

रविवार, १० नोव्हेंबर

फळा झाला. परदेशातून यंत्रं येतात त्या खोक्यांच्या फळ्या ह्यांनी स्टोअरवाल्याला विचारून आणल्या. मधोमध बिजागऱ्या, म्हणजे घडी होते. मागे दोन पाय, उघडले की उभा राहतो. आकडे टांगायला खिळे. नाक्यावरच्या सायकलवाल्या मन्सूरभाईंनी रॉकेलच्या डब्यांचे पत्रे कापून, कडा घासून, वर भोकं पाडून दिली. मजुरी विचारली तर म्हणाले, "र्‍हाऊ दे भाभी. म्याचला येतो न् शेजारच्याला इचारत बसतो, कोन जिंकतंय. आता इचारायला नको."

काळ्यावर पांढरे आकडे मी रंगवले. तीन ओळी केल्या: धावा, बाद, आणि तिसरी 'गेला गडी', म्हणजे शेवटचा जो बाद झाला त्याच्या धावा. ही तिसरी ओळ माझी हौस. माणूस खेळून परत जातो तर त्याने काय केलं ते चारचौघांना दिसावं. पुढचा गडी बाद होईपर्यंत त्याचा आकडा तिथे राहील.

आत्याबाई दारातून बघून गेल्या. जाता जाता म्हणाल्या, "त्यो वाकड्या शेपटाचा कोन गं?"

"नऊ."

"मला काय करायचंय. उगं इचारलं."

रविवार, १७ नोव्हेंबर

आज फळा पहिल्यांदा उभा राहिला आणि पहिल्यांदाच माझी अब्रू जायची वेळ आली. फळ्यावर रंगराव होते. रंगराव म्हणजे संघाचे बारावे गडी, मनाने भले आणि विडीचे भक्त. एक षटक बघितलं की विडी, विडी झाली की गप्पा. समोरच्यांच्या धावा सत्तरच्या पुढे गेल्या तरी फळ्यावर चाळीसच. लोक हसायला लागले. 'फळा झोपला' असं कोणी तरी ओरडलं.

बायकांची बसायची जागा लिंबाखाली होती. मी पदर खोचला आणि सरळ चालत गेले. अख्खं मैदान ओलांडल्यासारखं वाटलं, होतं इकडून तिकडे. रंगरावांना म्हटलं, "भाऊजी, तुम्ही निवांत विडी ओढा." मग चाळीस उतरवले आणि खरा आकडा लावला.

लोक माझ्याकडे वळून बघायला लागले. बॉल टाकायचा थांबवून हेही बघत राहिले. मला वाटलं आता हे घरी चल म्हणणार. तर ह्यांनी बोट वर करून दाखवलं, की बाद एक वाढला आहे. तो लावायचा राहिला होता. लावला.

सामना संपेपर्यंत तिथून हलले नाही. मागे वळून बघायचं धाडस झालं नाही हे मात्र इथे लिहून ठेवते, कारण उद्या मी ते कबूल करणार नाही.

सोमवार, १८ नोव्हेंबर

नळावर आज मी आले तसं बोलणं थांबलं. मग एकजण म्हणाली, "काय इंदुताई, आता धोतर कधी नेसताय?" मी म्हटलं, "नळाला पाणी यायची वेळ तुम्ही फळ्यावर लावून घ्या माझ्याकडून, म्हणजे रोज भांडण नको." घागर भरून घेऊन आले.

घरी आत्याबाईंनी दुसरी फैर झाडली. "आमच्या सात पिढ्यांत कुनी बाई बाप्यांपुढं अशी हुबी ऱ्हायली न्हाई." मी म्हटलं, सात पिढ्यांत कोणी फळाही केला नव्हता. त्या तीन वेळा 'शिव शिव' म्हणाल्या आणि जेवल्या मात्र पोटभर.

एक गोष्ट बरी झाली. काल दमून मी पत्रे डब्यात तसेच कोंबले होते. आज डबा उघडला तर शून्यापासून नऊपर्यंत ओळीने लावलेले. ह्यांचंच काम. माणूस तोंडाने मुका, पण मनाने चांगला आहे.

रविवार, १ डिसेंबर

मोशीचा सामना. फळा सायकलवर, सायकल ह्यांच्या हातात, मी मागून. मोशी म्हणजे सासरचं गाव, तिथे डोक्यावरचा पदर हलला तरी बातमी होते. मी पदर पिनेने अडकवला आणि उभी राहिले.

आणि काय गंमत सांगावी. मोशीची पोरं खेळायला आली. त्यांचा पहिला गडी बाद झाला, मी 'बाद' खाली एक लावला, तर गावकरी टाळ्या पिटायला लागले! दुसरा बाद, आणखी टाळ्या. चौथ्याला तर हलगी वाजली. बाद होऊन येणाऱ्या गड्याच्या पाठीवर थापा, हातावर गूळ. त्या पोराला कळेना की आपण काय पराक्रम केला. मलाही कळेना. शेवटी एका म्हाताऱ्याला विचारलं.

"आमचा गडी चढाईला गेला न् परत आला," तो म्हणाला. "आला की तुमी आकडा वाढीवता. म्हंजी एक मारूनच आला ना? तुमचे पाच मेले की वो!"

हुतुतू! गाव जन्मभर हुतुतू बघत आलं. 'बाद' म्हणजे समोरचे मारले, असा सरळ हिशोब. वरचा आकडा ते कशाचा समजत होते देव जाणे. मी सांगितलं, आजोबा, हे तुमचेच मेलेत. म्हाताऱ्याचा चेहरा पडला. त्याने हलगीवाल्याला हाताने थांबवलं, आणि गूळ वाटणारा गूळ घेऊन परत गेला.

घरी आल्यावर मी आत्याबाईंना काही सांगितलं नाही, त्यांच्या गावाची थट्टा नको म्हणून. तर त्याच जेवताना पदरात तोंड घालून हसायला लागल्या. "पाचवा गडी गूळ खात खात आला, दाताला चिकटला व्हता." त्यांना कसं कळलं? रंगरावांच्या बायकोने सांगितलं असणार. आत्याबाई दिवसभर शेण गोळा करायला गेल्या होत्या. पाटी रिकामीच आणली. म्हणाल्या, हल्ली गुरं कमी झालीत.

रविवार, १५ डिसेंबर

आज ऑफिसरांच्या क्लबाशी सामना, कंपनीच्या मैदानावर. हे मैदान कारखान्याला लागून आहे. कंपनीने आसपासची सगळी जमीन घेतली, फक्त पलीकडची शाळूची पट्टी राहिली. ती आत्याबाईंच्या भावाची, चिमाजीमामांची, आणि मामांनी ती दिली नाही. विचारायला आलेल्या साहेबांना त्यांनी हुरडा खाऊ घालून परत पाठवलं होतं.

क्लबाचे कॅप्टन दौलतराव साहेब. कारखान्यात ते कामगार अधिकारी. कोणाची रजा, कोणाची पाळी, संघात कोण, सगळं त्यांच्या हाती. पांढरी पँट, पांढरा स्वेटर, चालणं असं की गवतानेही बाजूला व्हावं. ते खेळायला आले, ह्यांनी पहिलाच चेंडू टाकला आणि मधली दांडी गेली. 'गेला गडी' खाली मी शून्य लावलं.

नेमकी तेव्हाच जेवणाची सुट्टी झाली. ऑफिसरांचा तंबू फळ्याच्या बरोबर समोर. पुलाव आला, पाहुणे बसले, आणि समोर ते शून्य. मी ते जरा ठसठशीतच रंगवलं आहे, हे खरं.

एक कारकून आला. "बाई, साहेब म्हणतात, जेवणापुरता तो आकडा उतरवा."

"पुढचा गडी बाद झाला की उतरेल. तोवर कोणाचाही असो, राहतो."

कारकून गेला, परत आला, परत गेला. मग साहेब स्वतः आले. आवाज चढवला नाही. "बाई, पाहुणे आहेत."

"मग पाहुण्यांनाही कळू दे की कोण गेलं," मी म्हटलं.

कोणी तरी फसकन हसलं. साहेबांचे कान लाल झाले. ते माझ्याकडे न बघता ह्यांच्याकडे बघून निघून गेले. शून्य हललं नाही. सामना आम्ही हरलो. त्याचं मला काही वाटलं नाही.

मंगळवार, १७ डिसेंबर

हे आज उशिरा आले. साहेबांनी ऑफिसात बोलावलं होतं म्हणे, कामाचं काही. जेवताना म्हणाले, "आता काही दिवस खेळणार नाही. गुडघा दुखतोय."

कोणता विचारलं तर उजवा म्हणाले, तेल घेऊन बसले तर डावा पुढे केला. मी दोन्ही चोळले. इतक्या वर्षांत गुडघ्याने कधी तक्रार केली नाही आणि ऐन मोसमात करतो, हे नशीब. मला चीड आली. खेळणाऱ्याने खेळायचं नाही आणि माझ्या फळ्याला कोणी वाली नाही, असं व्हायला नको होतं.

बुधवार, १८ डिसेंबर

भोंगा झाला आणि हे वहाणा हातात घेऊन पळत सुटले. गेटपर्यंत एका दमात. थांबल्यावर दुखत असेल, पळताना दुखत नसेल. वैद्यांना विचारलं पाहिजे.

रविवार, २९ डिसेंबर

ह्यांच्याशिवाय सामना, आळंदीच्या लोकांशी. हरलो. हे फळा आणून उभा करतात, मग दूर जाऊन उकिडवे बसतात. उकिडवे! गुडघा दुखणारा माणूस! मी बोलले तर म्हणाले, तसं बसलं की बरं वाटतं.

वारा फार होता, पत्रे खडखड वाजत होते. आकडा लावायला हात वर केला की सगळी मंडळी आकड्याऐवजी माझ्या हाताकडे बघतात. बघोत. बांगड्या हिरव्या आहेत, नव्या आहेत.

मंगळवार, १४ जानेवारी १९५८

डायरीची पानं डिसेंबरअखेर संपली, म्हणून मागे उलटून गेल्या जानेवारीच्या कोऱ्या पानांवर वार खोडून लिहिते आहे.

संक्रांत. दौलतरावांच्या बंगल्यावर हळदीकुंकू. मला वाटलं नव्हतं, पण आवतण आलं. आत्याबाई म्हणाल्या जाऊ नको, म्हणून गेले. साहेबांच्या पत्नी सुमनताई गोऱ्या, बारीक, डोळ्यांत हसू असलेल्या. तिळगूळ हातावर ठेवताना हळूच म्हणाल्या, "शून्य लावलंत ते बरं केलंत. घरात कोणी लावत नाही हो." मला हसू आवरेना. त्यांनाही.

मग त्या एकदम गंभीर झाल्या. "तुमच्या मिस्टरांना मात्र उगाच..." एवढं म्हणाल्या आणि तेवढ्यात दुसऱ्या बायका आल्या. उगाच काय ते राहिलंच. गुडघ्याचं विचारणार असतील. वाण म्हणून फणी मिळाली, चांगली आहे.

सोमवार, २० जानेवारी

नोटीस लागली. सव्वीस जानेवारीला ऑफिसर विरुद्ध कामगार, वर्षाचा मोठा सामना, पुण्याचे पाहुणे येणार. आणि खाली: क्लबाचा नवा फलक बसवला जात असल्याने इतर कोणताही फलक मैदानाच्या हद्दीत लावू नये.

इतर कोणताही! साऱ्या पंचक्रोशीत दुसरा फलक आहेच कुठे? सरळ नाव घालायचं होतं. माझं नाव काही लिहिताना पेन मोडेल असं अवघड नाही.

संध्याकाळी बघून आले. लोखंडी खांब, खाली सिमेंट, वर हा मोठा रंगीत फलक. तंबूकडे तोंड करून बसवला आहे. छान आहे, खोटं कशाला बोलू. त्याच्यापुढे माझा म्हणजे खोक्याच्या फळ्या. पण तो दोन महिने उन्हात उभा राहिला आहे आणि एकदाही खोटं बोललेला नाही. हद्दीत लावू नये म्हणतात. हद्द कुठे संपते तेवढं मला बघायचं आहे.

गुरुवार, २३ जानेवारी

हे आजच लिहून ठेवते.

मी तेलाची वाटी घेऊन ह्यांच्या पायाशी बसले होते. आत्याबाई बघत होत्या. एकदम म्हणाल्या, "किती तेल नासणार गं? त्याच्या गुडघ्याला काय धाड भरलीय? सायबानं सांगितलं, बायकू फळ्यावरनं काढ न्हाई तर संघात न्हाई. ह्यानं गुडघा सांगितला. समद्या चाळीला ठावं, तुला न्हाई."

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे चुलीकडे बघत होते.

मला रडू आलं. रागाचं होतं की कसलं, कळलं नाही. सव्वा महिना मी ह्या माणसाला मनात बोल लावत होते. म्हटलं, "तुम्ही खेळा. मी फळा आत्ता मोडते आणि चुलीत घालते."

"घाल," हे म्हणाले. "मग तर मी मुळीच खेळणार नाही."

आणि मग आमचं मुकं माणूस बोललं. एवढं सलग बोललेलं मी लग्नापासून ऐकलं नव्हतं. "त्या दिघीच्या पोरांशी मी कॉलर फाटेपर्यंत भांडलो. आपण जिंकलो होतो की नाही, मला अजून माहीत नाही. कदाचित तेच खरं बोलत असतील. फळा आला तेव्हापासून हरलो तरी कळतं की हरलो. मान वर करून हरतो मी. साहेब म्हणाले बायकोला आवरता येत नाही का. मी कशाला आवरू? गुडघा सांगितला, कारण नोकरी ठेवायची होती. बस."

आत्याबाई म्हणाल्या, "झालं बोलून? आता जेवा."

मी जेवले नाही. पण फळाही मोडला नाही. उलट सगळे पत्रे बाहेर काढून पुन्हा रंगवायला घेतले.

सोमवार, २७ जानेवारी

काल लिहायला त्राण नव्हतं. आज नीट लिहिते.

सकाळी फळा सायकलवर बांधून दोघं निघालो. तंबूसमोर उभा केला, नेहमीच्या जागी. रखवालदार आला. ओळखीचाच, त्याच्या पोराचं बारसं मी जेवले आहे. "वहिनी, मला ऑर्डर हाय." ठीक. घडी घातली, दोरीच्या बाहेर नेला. तिथे कारकून आला, की दोरी नाही, तारेचं कुंपण ही हद्द. पुन्हा घडी. कुंपणाच्या बाहेर रस्त्याच्या कडेला लावला, तर तो म्हणाला की रस्ताही कंपनीचाच, कंपनीनेच खडी टाकली. लोक बघत होते. तंबूत पुण्याचे पाहुणे दुर्बिणी लावून बसले होते, त्यांतली एक माझ्याकडे वळलेली मला दिसली.

पण एक गोष्ट दौलतराव साहेबांच्या लक्षात आली नव्हती. त्यांचा फलक सिमेंटात होता आणि माझा बिजागऱ्यांवर.

"आता कुठे?" हे म्हणाले. तेवढ्यात घुंगरांचा आवाज आला. चिमाजीमामांची बैलगाडी, आणि गाडीत आत्याबाई, मांडीवर पाटी घेऊन.

"शेन गोळा कराया आले व्हते," त्या म्हणाल्या. पाटी रिकामी होती. "बघता काय? घाला त्यो फळा वर. माझ्या भावाच्या बांधावर कुनाची ऑर्डर चालती बघू."

शाळू डोक्याइतका वाढला आहे. फळा खाली ठेवला असता तर कोणाला दिसला नसता. गाडी बांधावर घेतली, बैल सोडले, जू टेकवलं, आणि फळ्याचे पाय गाडीच्या खुंट्यांना बांधले. हे एका उडीत गाडीवर चढले. गुडघा दुखतो म्हणे. मैदानातून बघणाऱ्याला कणसांच्या वर फक्त फळा दिसत असेल, आणि एक हिरव्या बांगड्यांचा हात. मन्सूरभाई दुकान बंद करून आले आणि बैलांना वैरण टाकत बसले. थोड्या वेळाने लिंबाखालच्या बायका उठल्या आणि एकेक करून बांधाला येऊन बसल्या. धोतर नेसणार का विचारणारीही होती. तिने मला पाण्याचा तांब्या दिला. मी घेतला, पण हसले नाही. हसेन पुढच्या आठवड्यात.

कामगारांनी ११८ केल्या. हे असते तर ऑफिसरांना ऐंशीत गुंडाळलं असतं, असं रंगराव मागाहून म्हणाले. मैदानात पंचांनी हात हलवला की हे मला आकडा सांगत, आणि मी लावे.

मग ऑफिसर आले, आणि माझ्या ध्यानात यायला लागलं. त्यांच्यातला खेळणारा दर षटकाला मान वळवून आमच्याकडे बघायचा. पहिल्यांदा वाटलं चेष्टा करतात. नंतर कळलं. त्यांचा नवा फलक तंबूकडे तोंड करून होता. पाहुण्यांना आकडे दिसत होते, पण मैदानातल्या माणसांना फक्त लोखंडी पाठ. खेळत होते त्यांनाच कळत नव्हतं की किती झाल्या. सगळे, ऑफिसर काय आणि कामगार काय, शाळूच्या वर बघत होते.

दौलतराव साहेब टिकून खेळले. मानलं पाहिजे, सुरेख खेळले. एक चेंडू तर शाळूत आमच्या पायाशी आला, मन्सूरभाईंनी हुडकून फेकला. सात गडी बाद, धावा ११५, जिंकायला चार हव्यात, आणि साहेबांनी उंच मारला. रंगरावांनी झेल घेतला. जन्मात पहिल्यांदा घेतला असेल.

साहेब निघाले. तंबूच्या वाटेला लागले आणि मधेच थांबले. वळले. बॅट काखेत धरून आमच्या दिशेला बघत उभे राहिले. मला वाटलं, आता ओरडणार. पण ते नुसते उभे होते. नवा गडी आत येऊन उभा राहिला, पंच खोळंबले, तरी हे हलेनात.

मला कळेना. आत्याबाईंना कळलं. त्यांनी डबा मांडीवर घेतला होता, त्यातून दोन पत्रे काढून माझ्या हातात दिले. मी विचारलंही नव्हतं. चार आणि एक.

"एक्केचाळीस केल्यात त्यानं. लाव लवकर," त्या म्हणाल्या. "केलेलं बघितल्याबिगर मानूस घरला कसं जाईल? तिष्ठत ठिवू न्हाई."

'गेला गडी' खाली मी एक्केचाळीस लावले. शून्य लावताना जितकी ताठ उभी होते तितकीच ताठ. वाऱ्याने पत्रे दोनदा वाजले आणि थांबले. साहेबांनी ते बघितले. मग मान खाली घालून तंबूत गेले.

पुढच्याच चेंडूवर चौकार गेला. ऑफिसर जिंकले. आम्ही हरलो, आणि मी ते लावलं: ११९, बाद आठ. आकडा अंधार पडेपर्यंत राहतो, ही आमची रीत. रखवालदार सांगायला आला की आता तरी उतरवा. आत्याबाईंनी त्याला शाळूचं एक कणीस मोडून दिलं आणि म्हणाल्या, "हे खा. माझ्या भावानंबी तुमच्या सायबाला हेच दिलं व्हतं."

ह्यांना संघात परत घेतील की नाही, माहीत नाही. नाही घेतलं तर हे आकडे सांगतील. फळा काही खाली येत नाही.

आज सकाळी डबा उघडला तर पत्रे ओळीने लावलेले. हे तर काल आल्या आल्या झोपले होते. ह्यांना विचारलं, तर म्हणाले, "मी कधीच लावले नाहीत. मला वाटायचं तूच लावतेस." नऊचा पत्रा तेवढा डब्यात नव्हता. तो चुलीमागे वाळत होता, शेपटाला ताजा पांढरा रंग, जरा जास्तच जाड.

आत्याबाई भाकरी थापत होत्या. मागे वळल्या नाहीत. म्हणाल्या, "म्होरल्या ऐतवारी आळंदीला हाय ना? चिमाजीला गाडी सांगून ठिवलीय. तिकडं शेन लई गावतं म्हनं."

त्यांच्या दोन बोटांना पांढरा रंग लागला होता. मी म्हटलं, "हो, आत्याबाई. मोठी पाटी घ्या."